दामू म्हणतो पाच

डिसेंबर लागला की बंगळुरात सर्जापूर रोडच्या कडेला अवरेकाईचे ढीग दिसायला लागतात. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण बेळगावला आमच्या घरी पावट्याला जी वागणूक मिळायची तिच्यापेक्षा इथला थाट निराळा. थंडीचं दव पडलं की या शेंगांना एक तेलकट, उग्र वास चढतो. त्याला इथे सोगडु म्हणतात. गिऱ्हाईक आधी मूठभर शेंगा नाकाशी नेतं, डोळे मिटतं आणि मग भाव विचारतं. शेंगा सोलल्या की बोटांची टोकं काळपट हिरवी होतात, आणि ऑफिसात की-बोर्डवर ती बोटं चालताना दोन दिवस आपल्यालाच आपला वास येत राहतो.

परवा उतरत्या उन्हात अशाच एका गाडीपाशी थांबले. गाडीवरच्या अक्कांनी ओंजळ माझ्यापुढे धरली. "स्वल्प वास तर बघा, मेडम." मी बघितला, आणि एकदम हायसं वाटलं. भाजीच्या वासाने माणसाला भूक लागावी, घर आठवावं. मला मात्र सुटल्यासारखं वाटतं. तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यापासून हे असं झालं आहे.

बंगळुरात समुद्र नाही. तरीही समुद्राचं काम करणारी आमची एक लहानशी कचेरी इथे आहे, आणि मी तिथे किनाऱ्यावरून आलेल्या जुन्या नोंदी तपासते. कुणीतरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी लाटांची उंची लिहून ठेवलेली असते, कुणी पाण्याचं तापमान. त्या आकड्यांवर आज विसंबून राहायचं की नाही, हे ठरवायचं माझं काम. समुद्रापासून इतक्या लांब, चौथ्या मजल्यावर, काचेच्या आत बसून.

त्या वर्षी माझ्याकडे पाण्याच्या स्वच्छपणाची एक नोंद आली. कारवारजवळच्या एका खाडीच्या तोंडाची, तीस वर्षांहून जास्त काळाची. एका माणसाने होडीतून थोडं आत जाऊन दर आठवड्याला घेतलेली. पाणी किती स्वच्छ आहे हे मोजायची ही पद्धत फार जुनी आणि फार साधी. परातीएवढी एक पांढरी थाळी दोरीला बांधायची, होडीच्या सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची आणि वाकून बघत राहायचं. पांढरं अंधुक होत जातं, हिरवं होतं आणि एका क्षणी दिसेनासं होतं. तिथे दोरी किती आत गेली ते लिहायचं. पाच मीटरवर थाळी दिसेनाशी झाली तर पाणी चांगलं. दोनवरच गेली तर गढूळ. यंत्र नाही, वीज नाही. थाळी, दोरी आणि एका माणसाचे डोळे.

आता उपग्रह वरून पाण्याचा रंग बघतात. पण त्यांच्या आधीचं पाणी कसं होतं, हे कुणाला विचारायचं? त्या खाडीपुरता एवढा एकच साक्षीदार होता, आणि तो खरं बोलतोय का, हे मला सांगायचं होतं.

मी ते दोन दिवसांत सांगून टाकलं. नोंद टाइप करून संगणकात भरलेली होती. नुसत्या तारखा आणि आकडे. आकडे बघताच मला शंका आली. सगळे अर्ध्यावर किंवा पूर्णावर संपणारे: साडेतीन, चार, साडेचार. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. दुसरं म्हणजे, जून ते ऑगस्ट होड्या बंद असतात, समुद्र कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि तरी त्या महिन्यांतही आकडे होते. तिसरं सगळ्यांत वाईट. शेवटच्या चार वर्षांत आकडे हळूहळू खाली घसरत गेले होते. पाणी गढूळ होत गेलं असं त्यांचं म्हणणं, पण त्याच वर्षांतले उपग्रहाचे आकडे जिथल्या तिथे होते.

माझा निष्कर्ष तयार होता. हा माणूस घरी बसून आकडे लिहीत असणार. मी कागदावर लिहिलं, "नोंद विश्वासार्ह नाही. वगळावी." लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. लबाडी पकडल्याचा एक आनंद असतो, तसा.

आमच्या शैलजा मॅडम म्हैसूरच्या. बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा चष्मा काढून हातात घेतात. त्यांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढला.

"मूळ वह्या पाहिल्यास?"

"टाइप केलेली प्रत पाहिली, मॅडम."

"वह्या कुठे आहेत?"

"पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात असतील."

"तू टाइप केलेली प्रत वाचून एका माणसाला खोटं ठरवलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "असेलही तो खोटा. पण आधी वह्या बघ."

मला राग आला. स्वतःचा आला की त्यांचा, तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोने पीण्याला गेले. आमच्या कचेरीने जुने कागद ठेवायला तिथे एक शेड घेतली आहे. एका बाजूला लेथचा कारखाना, दुसऱ्या बाजूला रंगाचा. रस्त्यावर लोखंडाच्या कुरळ्या कात्रणांचे ढीग, आणि हवेत जळक्या तेलाचा वास. समुद्राचे कागद ठेवायला याहून परकी जागा सापडली नसती. तिथले रंगप्पा म्हणून जे राखणदार आहेत, त्यांनी एका मांडणीवरून तीन गाठोडी काढली, धूळ झटकली आणि बसायला स्टूल दिलं. "सरी, मेडम, सावकाश बघा," म्हणाले आणि बाहेर उन्हाला जाऊन बसले.

पहिली वही उघडली. कापडी पुठ्ठ्याची, उभ्या रेघांची. तारीख, वेळ, आकाश, आकडा, आणि उजवीकडे सगळ्यांत शेवटी एक रुंद रकाना. तो रकाना टाइप केलेल्या प्रतीत नव्हताच. निळ्या शाईने, बारीक, सरळ अक्षरात तो भरलेला होता. मराठीत.

मी वाचायला लागले आणि हळूहळू माझे कान तापले.

"दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारली आहे. मधले अंतर अंदाजाने लिहीत नाही." हे पहिल्याच पानावर. माझी पहिली शंका तिथेच संपली. माणूस अंदाज लिहीत नव्हता म्हणून आकडे नीटनेटके होते.

जूनच्या पहिल्या नोंदीसमोर: "होडी बंद. धक्क्याच्या टोकावरून घेतले. जागा निराळी, आतल्या आकड्यांत मिसळू नये." त्यापुढे प्रत्येक पावसाळ्यात, प्रत्येक नोंदीसमोर एकच शब्द: "धक्का." ज्याने टाइप केलं त्याला मराठी येत नसणार. आकडे उचलले, आणि माणूस जे बजावून सांगत होता ते तिथेच राहिलं.

एका वर्षी पान भरून लिहिलेलं होतं. "आज दोरी पट्टीने तपासली. पाण्याने आखडली आहे. मागचे दोन महिने आकडे जास्त आले असणार. चूक माझी, आधी तपासायला हवी होती. नवीन गाठी मारल्या." दोन महिन्यांच्या त्या नोंदींभोवती पेन्सिलीने चौकट काढलेली. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बघणार नव्हतं. तरी त्याने स्वतःची चूक स्वतःच चौकटीत घालून ठेवली होती.

काही नोंदी कामाच्या नव्हत्याच. "आज सूर्य फार. डोळे दिपतात, थांबून घेतले." "देवमासा दिसला नाही, पण दामू म्हणतो दिसला." हा दामू म्हणजे होडीवाला. तो त्या रकान्यात सारखा यायचा. जवळपास प्रत्येक नोंदीच्या शेवटी लिहिलेलं असे: "दामूचेही तेच." म्हणजे स्वतः बघून झाल्यावर हा माणूस दामूलाही वाकून बघायला लावत असे, आणि दोघांचा आकडा जुळला की तसं लिहीत असे. तीन हात रुंदीच्या होडीत दोघं एकाच बाजूला वाकले तर होडी कलंडायची, म्हणून एक वाकला की दुसऱ्याने पलीकडे तोल सांभाळायचा. वर्षानुवर्षं त्यांनी हे आळीपाळीने केलं होतं.

शेडमधल्या त्या स्टुलावर बसून मला जे वाटलं त्याला लाज म्हणायला हवं. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते हलकं होतं. कुणीतरी आपल्याला फसवलेलं नाही, हे कळण्यात एवढं सुख असतं, हे मला माहीत नव्हतं. लबाडी पकडल्याच्या आनंदापेक्षा ते कितीतरी मोठं निघालं.

शेवटची वही उरली होती. तिच्यात मात्र अक्षर जरा मोठं झालेलं, ओळी सोडून गेलेल्या. "दामूचेही तेच" हळूहळू दिसेनासं झालं. त्याऐवजी: "दामू म्हणतो पाच. मला साडेचारच." पुढच्या वर्षी: "मला चार. दामू म्हणतो पाच." त्याच्या पुढच्या: "मला साडेतीन. दामू म्हणतो पाच. दामूचे लक्ष नाही." आणि एका जागी, कुठल्याच आकड्याशी न जोडता: "पाणी बिघडत चालले आहे. बघवत नाही."

हे मला सुटेना. इतका काटेकोर माणूस शेवटी का चुकावा? वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नाव होतं: कृष्णा माजाळीकर.

मॅडमनी कारवारच्या बाजूला दोन-तीन फोन केले. माजाळीकर नोकरीतून कधीच निवृत्त झाले होते. पगार थांबला तरी थाळी थांबली नव्हती. पुढची बारा-तेरा वर्षं ते हौसेने जात राहिले आणि वही भरली की ती तिथल्या कचेरीत नेऊन देत राहिले. मग बायको गेली, आणि मुलीने त्यांना आपल्या घरी आणलं. मुलगी राहायला व्हाइटफील्डला. मी सगळ्या भारतात शोधत बसले असते, आणि ते माझ्यापासून एका रिक्षाच्या अंतरावर होते.

त्या शनिवारी गेले. अकरावा मजला. दार त्यांच्या मुलीने, सुमनताईंनी, उघडलं. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर अवरेकाईचा ढीग, आणि ढिगापलीकडे पाटावर बसलेले एक काळेसावळे, काटक म्हातारे गृहस्थ. शेंगा सोलत होते. मी मराठीतून नमस्कार केला तसे हात थांबले.

"तू आमच्या भागातली गो?"

"बेळगावची, काका."

"मग जवळचीच. बस. हात लाव जरा."

मी खाली बसले आणि शेंगा सोलायला लागले. एकदा हात कामात गुंतले की बोलणं सोपं जातं. त्यांना वह्या मी वाचल्या, एवढंच सांगितलं. मी त्यांच्यावर काय शेरा मारला होता ते सांगितलं नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी झालं नाही.

"मराठीत का लिहिलंत, काका? बाकीचे रकाने इंग्रजीत आहेत."

"आकड्याला भाषा कशाला लागते? मनातलं लिहायचं तर शाळेतलीच भाषा येते. आमची शाळा मराठी." ते हसले. "कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं गो बाय."

मग ते बराच वेळ पाण्याबद्दल बोलले. या दिवसांत, थंडीत, पाणी कसं निवळतं. पावसाळ्यातला गाळ खाली बसतो, वारा पडतो आणि थाळी खाली जाते, जातच राहते, दोरी सोडता सोडता हात दुखतो. अशा दिवशी त्यांना घरी जावंसं वाटायचं नाही. "थाळी दिसेनाशी होते ना, तो क्षण पकडायचा. एकदा सोडून तीनदा. खाली जाताना, वर येताना, परत खाली. वाकून वाकून कंबर गेली." आणि मग आवाज खाली आला. "शेवटी शेवटी समुद्रच बिघडला. मी बघता बघता. दामूला पटायचं नाही, तो हसण्यावारी न्यायचा. पण मला दिसत होतं. इकडे येताना मी किनाऱ्यावर निरोप घ्यायलासुद्धा गेलो नाही. आजारी माणसाला बघायला जावं आणि त्याने ओळखू नये, तसं होईल असं वाटलं. परत गेलोच नाही मग."

सुमनताई आतून चहा घेऊन आल्या. वडिलांचा स्वर त्यांनी ओळखला असावा, कारण विषय बदलावा तसं त्या म्हणाल्या, "बाबांना इथे करमायचं नाही सुरुवातीला. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि जरा रुळले. गंमत सांगते तुम्हाला. पट्टी काढून घरी आणलं तर हॉलमध्ये उभे राहून विचारतात, भिंतींना रंग कधी दिलात? मी म्हटलं, बाबा, पहिल्यापासून पांढऱ्याच आहेत. ऐकेनात. दोन दिवस म्हणत होते, तुम्ही मी दवाखान्यात असताना रंग दिलात."

"पिवळ्या दिसायच्या मला," काका म्हणाले. "कळकट."

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षांचा तरी असणार. यांना पत्ताच नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. पांढरी भिंत. पांढरी थाळी. माझ्या डोक्यात काहीतरी जाग्यावर बसलं, आणि ते तिथे, त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. मी घाईने निरोप घेतला. रिक्षा वरतूरच्या गर्दीत अर्धा तास अडकली होती. ती हलू नये असंच मला वाटत होतं, कारण ऑफिसात जाऊन तपासण्याआधी मला तो विचार नीट हाताळून बघायचा होता.

सोमवारी दामूचा नंबर मिळवला. पासष्टीचा माणूस, काकांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अजून होडी चालवणारा. मागे वाऱ्याचा आवाज, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"शेवटच्या वर्षांत तुम्हाला थाळी किती खोल दिसायची?"

"पाच! थंडीत पाचच. नेहमीसारखी."

"आणि त्यांना?"

आता तो ओरडत नव्हता.

"बाई, त्यांचे डोळे कमी झाले होते. मी एकदा सांगितलं, डोळे तपासून घ्या. ते रागावले. म्हणाले, तू थट्टा करतोस. परत सांगायचा धीर नाही झाला. त्यांनी मला हे शिकवलं. मी त्यांना कसं सांगू, तुम्हाला दिसत नाही म्हणून? म्हटलं, आपण आपला आकडा सांगत राहू. लिहितात तरी."

आणि त्यांनी तो लिहिला होता. हेच मला राहून राहून आश्चर्य वाटतं. पटत नव्हता, दामूचं लक्ष नाही असं वाटत होतं, तरी प्रत्येक आठवड्याला स्वतःच्या आकड्याशेजारी त्यांनी दामूचा आकडा लिहिला होता. मी दामूचे आकडे वेगळे काढून उपग्रहाच्या आकड्यांवर ठेवले. दोन्ही रेघा बरोबरीने चालल्या. पावसाळ्याचे धक्क्यावरचे आकडे बाजूला केले, आखडलेल्या दोरीचे दोन महिने बाजूला केले, शेवटच्या चार वर्षांत काकांऐवजी दामू घेतला. तीस वर्षांची नोंद उभी राहिली. वर्षागणिक थोडी खाली-वर, पण मोडलेली कुठेच नाही.

मॅडमनी ती रेघ बघितली आणि चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. त्यांच्याकडून एवढंच. मग म्हणाल्या, "आता जाऊन त्यांना सांग."

"काय सांगू?"

"दोन्ही. तू काय लिहिलं होतंस ते, आणि हे."

दोन्हीतलं पहिलं माझ्यापुरतं होतं, ते मी सोसलं असतं. दुसऱ्याने माझी झोप उडवली. नोंद तरली होती, पण त्यांच्या शेवटच्या चार वर्षांवर काट मारून. ज्या माणसाने कंबर मोडेपर्यंत खरा आकडा लिहिला, त्याला जाऊन सांगायचं, की काका, शेवटी तुम्हाला दिसतच नव्हतं. आम्ही तुमचे आकडे काढून तुमच्या होडीवाल्याचे घेतले. नोकरीतला माणूस असता तर एक पत्र गेलं असतं. हा माणूस पगार थांबल्यावरही जात होता. त्या चार वर्षांत त्याने काय मिळवलं होतं, तर तेवढे आकडेच.

आठवडा मी टाळाटाळ केली. बेळगावला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तू सांगितलं नाहीस तर दुसरं कुणीतरी कागदावर वाचून दाखवील. ते बरं का?" मग गेले.

या वेळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खाली लांबवर इमारती, मधे एका तलावाचा तुकडा, आणि सकाळचं कोवळं ऊन. मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि आधी माझा गुन्हा सांगितला. वह्या न बघता मी त्यांना खोटं ठरवलं होतं, हे जसं होतं तसं सांगितलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "शंका का आली?"

मी तिन्ही कारणं सांगितली.

"पहिली दोन बरोबर आहेत," ते म्हणाले, जणू मी त्यांच्या हाताखाली नवीन लागले होते आणि ते माझं काम तपासत होते. "मलाही आली असती. न बघता खरं मानलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं गो. मग आम्ही गाठी कशाला मोजल्या? तपासायलाच पाहिजे." मग माझ्याकडे वळले. "आणि तिसरं? शेवटच्या वर्षांचं?"

मी वर्तमानपत्राची घडी उलगडावी तसं, एकेक करून सांगितलं. मोतीबिंदू. पिवळी दिसणारी भिंत. पांढरी थाळी पाण्यात असताना ती ओळखायला डोळ्यांना पांढऱ्या-हिरव्यातला जो बारीक फरक कळावा लागतो, तो मोतीबिंदू आधी खाऊन टाकतो. थाळी तिथेच असते, डोळा तिला आधी सोडून देतो. दामूशी झालेलं बोलणं सांगितलं. दोन रेघांचा कागद बरोबर आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. चष्म्याशिवाय त्यांनी तो वाचला, डोळ्यांजवळ न नेता.

"हे माझं?" खाली वळलेल्या रेघेवर बोट.

"हो, काका."

"आणि हे दामूचं?"

"हो."

"आणि हे वरून बघितलेलं."

"हो."

त्यांचं बोट दामूच्या रेघेवरून हळूहळू पुढे सरकत राहिलं, वर्षावर्षाने, शेवटपर्यंत. मी खाली बघत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "पाणी तसंच होतं?"

"तसंच होतं, काका."

"आणि आता? आत्ता या थंडीत?"

"दामूकाका अजून जातात कधीमधी. मागच्या आठवड्यात त्यांना पाच आलं."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. चेहरा बघायला मी मान वर केली आणि मला आधी कळलंच नाही, की ते हसत आहेत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलत होते त्यांचे. मी घाबरून उठले तसा त्यांनी माझा हात धरून मला परत बसवलं.

"मी चार वर्षं रडलो गो बाय," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्या डोळ्यांदेखत मेला समुद्र. बायकोला सांगायचो, ती म्हणायची, असं बोलू नये. आणि डोळेच माझे गेले होते! नुसते डोळे!" ते परत हसले. "डोळे काय, दोन दिवसांत नीट करून देतात इथे."

मी जे वाईट म्हणून घेऊन आले होते, ते त्यांनी असं उचललं. त्यांचे आकडे गेले, हे त्यांच्या लक्षात तरी आलं होतं का, कुणास ठाऊक. आलं असणार, तेवढे काटेकोर होतेच ते. पण आपण खरे ठरलो की खोटे, हा त्यांचा प्रश्न नव्हताच कधी. तो माझा होता.

बोलण्याचा आवाज ऐकून सुमनताई हात पुसत गॅलरीच्या दारात आल्या. वडिलांचे डोळे बघून त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. मी काही सांगायच्या आत काकांनीच मान वळवली. तोंडावरचं पाणी त्यांनी पुसलंही नव्हतं.

"सुमन," ते म्हणाले, "कारवारची गाडी सकाळी किती वाजता सुटते गो?"